पिसांचा चेंडू आणि टॉम मॉरिस

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नांवाचें गांव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील हौशी व श्रीमंत लोक गोल्फ खेळत. त्यांच्यासाठीं चेंडू बनविणें, त्यांच्या मागून काठ्यांचा भारा वाहणें आणि प्रसंगीं पैज लावून खेळणें, यांवर ज्यांचा चरितार्थ चाले तेच या खेळांतले पहिले धंदेवाईक खेळाडू. त्यांत अॅलन रॉबर्ट्सनचें नांव सर्वतोमुखीं होतें. १८२१ सालीं जन्मलेला टॉम मॉरिस त्याच्याच हाताखालीं उमेदवारी करून तयार झाला.

त्या काळचा चेंडू म्हणजे पिसांनीं ठासलेली चामड्याची गोळी. तुकडे शिवून केलेल्या ओल्या पिशवींत, बारीकशा छिद्रांतून, उकडलेलीं पिसें लोखंडी सळईनें कोंबावयाचीं. एका चेंडूस उंच विलायती टोपी भरून पिसें लागत. वाळतांना चामडें आक्रसे, पिसें फुगत, आणि चेंडू दगडासारखा कठीण होई. निष्णात कारागिराच्या हातून दिवसाकांठीं तीन-चार चेंडू निघत. साहजिकच तो महाग असे. आणि इतकें करून पावसांत भिजला कीं शिवण उसवे!

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा म्हणजे मलायांतील एका झाडाचा घट्ट झालेला चीक. ऊन पाण्यांत तो मऊ होतो, हातांनीं वळतां येतो व थंड झाला कीं टणक बनतो. हिंदुस्थानांतून सेंट अँड्र्यूजला पाठविलेल्या एका विष्णुमूर्तीभोंवतीं हा चीक भरलेला होता व त्यावरून ही कल्पना निघाली, अशी आख्यायिका आहे. श्रोतेहो, आपणांस ती गोड वाटली तरी तिच्यावर फार भिस्त ठेवूं नये. चेंडूची स्वस्ताई मात्र खरी होती, आणि तिच्यामुळेंच रॉबर्ट्सनच्या पोटांत गोळा आला.

एके दिवशीं कॅम्बेल नांवाच्या गृहस्थांशीं खेळत असतां मॉरिसजवळचे सर्व चेंडू हरवले. गृहस्थांनीं त्याला गटापर्चाचा एक चेंडू दिला. मॉरिसचा हात त्यावर तत्काळ बसला. परततांना वाटेंत नेमका धनी भेटला. टॉम नव्या चेंडूनें फार छान खेळतो आहे, असें कोणीतरी त्याला सांगितलें. रॉबर्ट्सनचा चेहरा पालटला. पुढें दुकानांत दोघांचा शब्दाला शब्द वाढला, आणि मॉरिसनें त्याच क्षणीं नोकरी सोडली. ही हकीकत त्यानें उतारवयांत स्वतःच सांगितलेली आहे.

रॉबर्ट्सनला हंसणें सोपें आहे. पण हातची कला कवडीमोल होण्याचें भय ज्या कारागिरानें एकदां अनुभवलें, तो हंसणार नाहीं. त्याचा हिशेब चुकला तो एवढाच कीं, स्वस्त चेंडूमुळें खेळणारे वाढले, मैदानें वाढलीं आणि तीं आंखणाऱ्या-राखणाऱ्या माणसांची गरजही वाढली. १८५१ सालीं मॉरिस प्रेस्टविकला मैदानाचा राखणदार म्हणून गेला तो याच ओघांत. रॉबर्ट्सनही अखेर नव्या चेंडूकडे वळला, आणि १८५८ सालीं सेंट अँड्र्यूजच्या मैदानाची फेरी त्यानें ७९ टोल्यांत पुरी केली. ८० च्या आंत येणारा तो पहिलाच. पुढच्याच वर्षीं काविळीनें त्याचा अंत झाला.

आतां सर्वांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न उरला. तो सोडविण्यासाठीं १८६० च्या ऑक्टोबरांत आठ धंदेवाईक खेळाडू प्रेस्टविकला जमले. बक्षीस एक चामडी पट्टा. हीच पुढें ‘ओपन’ म्हणून गाजलेली स्पर्धा. विली पार्कनें १७४ टोल्यांत बाजी मारली. मॉरिसला १७६ लागले. मग मात्र १८६१, १८६२, १८६४ व १८६७ असा चार वेळां पट्टा मॉरिसकडे आला. शेवटच्या खेपेस तो ४६ वर्षांचा होता. एवढ्या वयांत ही स्पर्धा आजवर दुसऱ्या कोणीं जिंकलेली नाहीं. १८६८ सालीं तो १५७ टोल्यांत दुसरा आला. १५४ टोल्यांत पहिला आला तो त्याचाच १७ वर्षांचा मुलगा, धाकटा टॉम.