अस्सल की नक्कल? एका जुन्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट



तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आजीच्या हातचा पितळी अडकित्ता असेल. सुपारी कातरायला तो अजूनही चालतो, पण त्याची खीळ ढिली झालेली असते आणि घरातली जाणती बाई म्हणते, "तो राहू द्या, बाजारातला घ्या." कामाला नवा, आठवणीला जुना, असा निवाडा आपण घरोघर करीत असतो. आज याच जातीचा एक प्रश्न तुम्हाला सांगायचा आहे. तो आहे अमेरिकेतल्या एका हत्याराचा. अडकित्त्याच्या बाबतीत निवाडा चुकला तर सुपारी जाड कातरली जाईल, एवढंच. इथे चुकला तर माणसाची बोटे जातात, डोळा जातो.

गुराख्यांचे अमेरिकन चित्रपट ज्यांनी पाहिले असतील त्यांच्या डोळ्यांपुढे ते लगेच येईल. कमरेला चामड्याचे म्यान, त्यात वाकड्या मुठीचे, लांब नळीचे रिव्हॉल्व्हर. त्याचे नाव कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी. कनेक्टिकट संस्थानातल्या हार्टफर्ड शहरी कोल्ट कंपनीने ते तयार केले आणि १८७३ साली अमेरिकेच्या सैन्याने ते स्वीकारले. सॅम्युएल कोल्ट, ज्याने १८३६ साली फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाचे पेटंट घेतले, तो मात्र हे पाहायला हयात नव्हता. तो १८६२ साली वारला होता.

आता 'सिंगल ॲक्शन' म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. या हत्याराच्या मधोमध एक फिरते नळकांडे असते. त्यात सहा घरे. एकेका घरात एकेक काडतूस. मागच्या बाजूला घोडा असतो. तो अंगठ्याने मागे ओढला की आतला एक लहानसा पंजा नळकांडे एक घर पुढे सरकवतो, आणि अडसर खाली बसून ते जागच्या जागी पक्के करतो. मग चाप दाबला की घोडा सुटतो आणि काडतुसाच्या बुडावर आपटतो. म्हणजे चापाचे काम एकच, घोडा सोडण्याचे. म्हणून हे सिंगल ॲक्शन. पुढे निघालेल्या 'डबल ॲक्शन' रिव्हॉल्व्हरमध्ये नुसता चाप ओढला की घोडा मागेही जातो आणि सुटतोही. अमेरिकन सैन्याने १८९२ साली ती नवी तऱ्हा घेतली आणि जुने कोल्ट हळूहळू मागे पडले. तरी नागरिकांसाठी ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत होतच राहिले. पहिल्या मालिकेत सुमारे ३ लाख ५७ हजार नग झाले. त्यांतले सैन्याने घेतलेले अवघे सुमारे ३७ हजार.

मग युद्धानंतर टेलिव्हिजनवर गुराख्यांच्या कथा आल्या आणि लोकांना पुन्हा तेच रिव्हॉल्व्हर हवेसे झाले. कोल्टने १९५६ च्या सुमारास दुसरी मालिका काढली, १९७६ पासून तिसरी. तोवर इतरही कारागीर पुढे आले होते. इटलीच्या उत्तरेला गार्दोने व्हाल त्रोम्पिया म्हणून एक गाव आहे. आपल्याकडे जशी तांबट आळी, तसे ते शतकानुशतके बंदुका घडवणाऱ्यांचे गाव. तिथे आल्दो उबेर्ती यांनी १९५९ साली कारखाना घातला. अमेरिकन यादवी युद्धाला १९६१ साली शंभर वर्षे पुरी व्हायची होती, तेव्हा त्या काळच्या रिव्हॉल्व्हरांच्या हुबेहूब प्रती कराव्यात हा पहिला उद्देश. पुढे १८७३ च्या कोल्टच्याही प्रती निघाल्या. अमेरिकेत रुगर कंपनीने १९५३ पासून बाह्य रूप जुने, पण आतली यंत्रणा नवी, अशी सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरे बाजारात आणली.

आज अमेरिकेत जुन्या वेषात, जुन्या हत्यारांनी नेमबाजी करण्याचा खेळ चांगलाच रुजला आहे. १९८० नंतरच्या काही वर्षांत कॅलिफोर्नियात त्याची सुरुवात झाली. त्यामुळे समजा एखाद्याला पणजोबांचे अस्सल कोल्ट वारशाने मिळाले, तर त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो. हे झाडावे की ठेवावे? आणि झाडायचे तर त्याऐवजी नवी प्रत घ्यावी का?

पहिली अडचण दारूची. १८७३ साली बिनधुराची दारू निघालीच नव्हती. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू होती. आपल्या जत्रेतल्या आतषबाजीत असते तीच जात. कोल्टच्या मूळच्या काडतुसात अशी ४० ग्रेन दारू, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅमहून थोडी अधिक, ठासलेली असे. पुढे १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू शोधली. ती थोडक्यात अधिक जोर देते आणि तिचा दाब वेगळ्या रीतीने चढतो. जुन्या कोल्टची चौकट आणि नळकांडे त्या काळच्या मऊ लोखंड-पोलादाची. काळ्या दारूचा धक्का ती सोसतात. नव्या दारूच्या जोराला ती केलेलीच नव्हती.

मग ओळखायचे कसे? इथे अर्धवट माहिती घात करते. सुरुवातीच्या नगांत नळकांड्याचा आस चौकटीच्या पुढच्या अंगाने एका स्क्रूने धरलेला असे. साधारण १८९६ पर्यंत त्या जागी आडवी, स्प्रिंगवर चालणारी कळ आली. पुष्कळ लोक समजतात की आडवी कळ दिसली म्हणजे बिनधुराची दारू चालेल. तसे मुळीच नाही. बिनधुराच्या दारूची हमी कोल्ट कंपनीने दिली ती १९०० साली. मधल्या वर्षांतले नग दिसायला नवे, पण ताकदीला जुनेच. म्हणून कळ पाहून थांबू नये, क्रमांक पाहून वर्ष ठरवावे.

दुसरी गोष्ट याहून घातक आहे. काळी दारू काडतुसात काठोकाठ भरते. चुकून दुप्पट घालू म्हटले तरी मावत नाही. बिनधुराची दारू मात्र चिमूटभर लागते, आणि त्याच नळीत चुकून दोनदा पडली तरी जागा उरते. घरी काडतुसे भरणाऱ्याचे लक्ष क्षणभर ढळले की झाले. शिवाय रुगरसारख्या भक्कम हत्यारासाठी मुद्दाम जबर भरलेली काडतुसे मिळतात. त्यांचे माप तेच, त्यामुळे ती पणजोबांच्या कोल्टमध्येही सरळ आत जातात. आत जातात म्हणून चालतात असे नव्हे! अशा वेळी नळकांडे फुटते आणि वरची पट्टी उडते. हात आणि तोंड किती जवळ असते, ते सांगायला नको.

तिसरी गोष्ट मापाची. महायुद्धापूर्वीच्या पंचेचाळीस मापाच्या नळीचा आतला व्यास साधारण ०.४५४ इंच असे. नंतरच्या नळ्यांचा आणि आजच्या प्रतींचा ०.४५१ च्या आसपास. तीन सहस्रांश इंच म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण नव्या मापाची कठीण गोळी जुन्या नळीत सैल जाते आणि नेम लागत नाही. जुन्याला मऊ शिशाची, जुन्या मापाचीच गोळी हवी.

चौथी गोष्ट आतल्या सांगाड्याची. जुन्या कोल्टमध्ये चपट्या पट्टीच्या स्प्रिंगा असतात. हजारो वेळा वाकून त्या तुटतात. आणि त्या काळी प्रत्येक भाग कानसेने घासून त्या त्या नगाला बसवलेला असल्यामुळे दुसऱ्याचा भाग याला जसाच्या तसा बसत नाही. इटालियन प्रतीतही पट्टीच्याच स्प्रिंगा असतात, पण सुटे भाग मिळतात. रुगरने गुंडाळीच्या तारेच्या स्प्रिंगा वापरल्या. त्या सहसा तुटत नाहीत.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. जुन्या कोल्टचा घोडा खाली असतो तेव्हा त्याचे टोक थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेले असते. हत्यार दगडावर पडले की बार उडालाच. जानेवारी १८७६ मध्ये कॅन्सस संस्थानातल्या विचिटा गावी वायट अर्प नावाचा प्रसिद्ध पोलीस खुर्चीवर बसला असता त्याच्या कमरेचे रिव्हॉल्व्हर निसटले, घोडा आपटला आणि गोळी त्याच्या कोटातून आरपार जाऊन छतात घुसली. तिथल्या वर्तमानपत्राने ही हकीकत छापली होती. हत्यार ज्याच्या रोजच्या हातचे त्याची ही गत! म्हणून सहा घरांत पाचच काडतुसे भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा, ही रीत पडली. नेमबाजीच्या खेळात आजही तोच नियम आहे. रुगरने १९७३ साली घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये एक सरकती पट्टी बसवली. चाप पुरा दाबल्याखेरीज ती वर येत नाही, आणि ती वर आल्याखेरीज बार होत नाही. जुन्या गिऱ्हाइकांनाही तशी पट्टी कंपनीने फुकट बसवून दिली.

तुम्ही म्हणाल, मग अस्सलाचा उपयोग काय? शिक्षकबंधूंनी इथे विशेष लक्ष द्यावे. अस्सल रिव्हॉल्व्हर हा इतिहासाचा कागद आहे. चौकटीवर, चापाच्या कड्यावर आणि मुठीच्या पट्टीवर क्रमांक असतो. बाजूला पेटंटच्या तारखा असतात: १८७१, १८७२, पुढे १८७५. त्या तारखा वाचून "हे १८७१ चे आहे" असे कोणी म्हणाला तर तो चुकला. पेटंटची तारीख ही हत्यार घडल्याची तारीख नव्हे. सैन्याच्या नगांवर तपासनिसाची आद्याक्षरे असतात. आणखी एक गंमत. पुढे सरकारने जुनी घोडदळाची रिव्हॉल्व्हरे परत मागवून साडेसात इंची नळ्या साडेपाच इंच केल्या. त्या वेळी एकाचे भाग दुसऱ्याला लागले. म्हणून काही अस्सल सैनिकी नगांचे क्रमांक जुळत नाहीत, आणि तो न जुळणेच त्यांच्या अस्सलपणाची खूण ठरते.

हा सगळा पुरावा पुसायला एक दुपार पुरते. कोणी हौसेने घासून पॉलिश करतो, नवा निळा रंग चढवतो, झिजलेले आकडे पुन्हा कोरतो. हत्यार चकचकीत होते आणि मुके होते. जाणकाराच्या लेखी त्याचे मोलही उतरते. उलट काही लबाड लोक इटालियन प्रतीवरचे परीक्षागृहाचे शिक्के घासून ती जुनी म्हणून विकतात. प्रत ही प्रत म्हणून विकली तर ती प्रामाणिक वस्तू; अस्सल म्हणून विकली की ती लबाडी.

तेव्हा जाणते लोक असा निवाडा देतात. खेळायला, सरावाला प्रत घ्यावी. अस्सल कोल्ट जपून ठेवावे. अगदीच झाडायचे असेल, तर जाणत्या बंदूक-कारागिराकडून तपासून घ्यावे, काळी दारू आणि मऊ शिसे एवढेच वापरावे, आणि त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून तेल द्यावे. कारण काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढून घेते आणि रात्रीत गंज धरते.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय असे हत्यार बाळगता येत नाही. जुन्या वाड्याच्या माळ्यावर एखादे पिस्तूल सापडलेच, तर घोडा ओढून पाहू नका, मुलांच्या हाती देऊ नका. ते भरलेलेच आहे असे समजा, तिथेच राहू द्या आणि पोलिसांना कळवा.

आणि ताम्रपट, मोडी कागद, देवळातली जुनी समई यांनाही हाच न्याय लागू आहे, बरं का. ताम्रपट चिंचेने घासला की तो लखलखतो, पण अक्षरांची धार जाते. गुरुजी, वर्गात मुलांना एखादी जुनी वस्तू दाखवाल तेव्हा आधी तिच्यावर काय लिहिले आहे ते त्यांच्याकडून वाचून घ्या. घासणेपुसणे राहू द्या.