वाट सांगणाऱ्याचं पद हवं

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीत रेल्वे नाही. जवळचं स्थानक मानवत रोड. तरी उच्च शिक्षणापर्यंतचं अंतर इथल्या मुलांसाठी दोन पिढ्यांत बरंच कमी झालं. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाड्यातल्या कॉलेजांचा कारभार तेव्हा हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून चाले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झालं आणि १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. परभणी जिल्हा आज त्याच्याच कक्षेत येतो. विद्यापीठ जवळ आलं, पण तिथे पोचलेल्या पोराला पुढचं सांगणारं हक्काचं माणूस अजून नेमलेलं नाही.

घरातला पहिलाच पदवीधर होऊ पाहणारा मुलगा घ्या. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर त्याचा शिष्यवृत्तीचा फॉर्म ‘सेंड बॅक’ येतो. कारण काय, तर उत्पन्नाचा दाखला जुना आहे किंवा खात्याला आधार जोडलेलं नाही. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, दाखला काढायला तहसीलला जाणार कोण? मधे एक वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, व्यावसायिक प्रवेशासाठी जात पडताळणी, त्यातच एटीकेटीचे दोन पेपर. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता मेजर, मायनर आणि क्रेडिटचा हिशेबही आला. यातली एक गाठ सुटली नाही, तरी मूल शिक्षण सोडतं. गळती बुद्धीअभावी होते असं आपण समजतो. पुष्कळदा ती एका कागदापायी होते.

आज या गाठी सोडवायचं काम निभावतात ते शिष्यवृत्तीचे क्लार्क आणि तासिका सांभाळून धावपळ करणारे प्राध्यापक. त्यांचे उपकार मोठे आहेत, पण जोडकाम म्हणून हे पेलणारं नाही. महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९४७ साली कॉलेज काढलं, तेव्हा मुलाच्या राहण्या-जेवण्याची आणि कमाईची सोय हा शिक्षणाचाच भाग धरला. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी विकासाला मंडळ आणि संचालक दिले. विदर्भात राजू केंद्रे यांच्या एकलव्य संस्थेने दाखवून दिलं, की पहिल्या पिढीतल्या मुलांना अर्ज, प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत नीट समजावली तर ती देशातल्या नामांकित संस्थांत पोचतात.

अशा पदाला आता न्यायालयाचा आधारही आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. म्हणजे मानसशास्त्रात एमए किंवा एमएसडब्ल्यू केलेल्या तरुणांचं आपल्याच तालुक्यात करिअर उभं राहू शकतं. या कामाला ऐकून घ्यायची तयारी लागते, योजनांची खडान्‌खडा माहिती लागते आणि गुप्तता पाळावी लागते. स्वतःच्या आवाक्याबाहेरचा त्रास ओळखून मुलाला वेळेत डॉक्टरकडे पाठवावं लागतं. मध्यरात्री कुणी खचलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, हे प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर लिहिलेलं हवं.

संस्थाचालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: इमारतीवर आणखी एक मजला चढवण्याआधी हे एक पद भरा, कायम आणि पूर्ण पगाराचं. आणि पालकहो, प्रवेशाच्या दिवशी फीबरोबर एवढंही विचारा: आमच्या लेकराची अडचण इथे कोण ऐकणार?