वक्रतेची समान वांटणी

सेवाग्रामच्या चरख्यामुळें वर्धा जिल्ह्याला सूत आणि त्याचा पीळ हे परिचयाचे आहेत. आजचा विषय उच्च गणिताचा असला, तरी त्याचा आरंभ तंतूपासूनच होतो.

एखाद्या बंदिस्त पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूवर एकेक तंतू उभा आहे, अशी कल्पना करा. हा तंतू म्हणजे संमिश्र संख्यांचें एक किंवा अनेक परिमाणांचें अवकाश होय. ह्या सर्वांची मिळून जी जुळणी होते, तिला आपण तंतुसमूह म्हणूं. पृष्ठावरून फिरतांना तंतूला जो पीळ पडतो, त्याचें माप म्हणजे वक्रता. एकंदर पीळ ठरलेला असतो. मात्र लांबी मोजण्याचें परिमाण बदलून तो इकडून तिकडे सरकवितां येतो. मग तो सर्वत्र सारखा वांटतां येईल काय? तापलेल्या तव्यांतील उष्णता पसरत जाऊन सारखी होते, तद्वत् ही वांटणी साधणारें आंशिक अवकलन समीकरण गणितज्ञ मांडतात.

परंतु तें नेहमींच सुटतें असें नाहीं. समूहाच्या पोटांत लहान उपसमूह असतात. वांटणी सारखी झाली, तर उपसमूहाची वक्रता मूळ समूहाहून अधिक असूं शकत नाहीं, हा नियम आहे. म्हणून एखाद्या उपसमूहाचा दर परिमाणामागील पीळ समग्र समूहाहून अधिक असेल, तर समान वांटणी अशक्यच. ज्याच्या प्रत्येक उपसमूहाचा वांटा समग्राहून कमीच असतो, त्या समूहाला डेव्हिड ममफर्ड यांनीं १९६२ सालीं ‘स्थिर’ असें नांव दिलें.

स्थिरता असली कीं वांटणी साधतेच काय? ह्याचें उत्तर मुंबईंत मिळालें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९५३ सालीं दाखल झालेले एम. एस. नरसिंहन व सी. एस. शेषाद्रि यांनीं १९६५ सालीं आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला. एकंदर पीळ शून्य असेल, तर स्थिर समूहाची वक्रता सर्वत्र शून्य करतां येते; बंद वाटेनें फिरून आलेला तंतू लांबी न बदलतां केवळ वळतो. त्यांची वाट बीजगणिताची होती. १९८३ मध्यें सायमन डोनाल्डसन यांनीं तोच सिद्धान्त थेट वक्रतेच्या आधारें पुन्हां सिद्ध केला. १९८६ मध्यें कॅरेन उलेनबेक व शिंग-तुंग यौ यांनीं तो अधिक परिमाणांच्या केलर अवकाशांपर्यंत नेला. २००६ सालचें विज्ञानाचें किंग फैसल पारितोषिक नरसिंहन व डोनाल्डसन यांना विभागून मिळालें.

ह्या सिद्धान्ताचें मोल असें, कीं समीकरण सुटेल किंवा नाहीं हें तें न सोडवितांच, केवळ वांट्यांची तुलना करून सांगतां येतें.