सर्वेक्षणात लपवलेलं, गूगलला सांगितलेलं

‘उमेदवार काळा आहे म्हणून मी त्याला मत देणार नाही,’ असं दारात आलेल्या सर्वेक्षकाला कोण सांगेल? त्यामुळे २००८च्या अमेरिकी निवडणुकीत बराक ओबामांना वर्णद्वेषाचा किती फटका बसला, हे विचारून कळण्यासारखं नव्हतं. सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ या अर्थशास्त्रज्ञानं मग विचारणंच सोडलं. कृष्णवर्णीयांना दिली जाणारी एक शिवी कोणत्या भागातून गूगलवर किती शोधली जाते, हे त्यानं तपासलं. शोधणाऱ्यांपैकी अनेकांना त्या शिवीवरचे विनोद हवे होते. आकडे मुद्दाम २००४ ते २००७चे घेतले, म्हणजे ओबामांच्या उमेदवारीमुळेच शोध वाढले असं म्हणायला जागा उरू नये. जिथे हे प्रमाण जास्त, तिथे त्यांच्याच पक्षाचे २००४चे उमेदवार जॉन केरी यांच्या तुलनेत ओबामा मागे पडलेले दिसले. देशभरात मिळून ही तूट सुमारे ४ टक्के मतांची, असा त्याचा हिशेब. आणि दोष एकट्या दक्षिणेचा नव्हता. पश्चिम पेनसिल्व्हेनियाही यादीत वर होता.

शोधांचा हा खजिना गूगल ट्रेंड्सवर कुणालाही फुकट पाहता येतो, पण तो वाचताना भलेभले चकतात. तिथे शोधांची संख्या मिळतच नाही. एखाद्या शब्दाचा एकूण शोधांतला वाटा जेव्हा सर्वाधिक, तेव्हा १००. बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. गोव्याचा आकडा महाराष्ट्राहून मोठा दिसला, तर गोव्यात शोधणारी माणसं जास्त असा अर्थ होत नाही. शिवाय ‘ताप’ कुणी देवनागरीत लिहितं, कुणी रोमन लिपीत, तर कुणी सरळ ‘फीवर’.

तापावरून गूगलचीच फजिती झाली होती. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेचे फ्लूचे आकडे एक-दोन आठवडे उशिरा येत. २००८मध्ये सुरू झालेलं ‘गूगल फ्लू ट्रेंड्स’ शोधांवरून लगेच अंदाज देऊ लागलं. त्यासाठी ५ कोटी शोधशब्दांतून ४५ निवडले होते. चाळणी लावताना शालेय बास्केटबॉलसारखे शब्दही वर आले, कारण फ्लू आणि तो खेळ, दोन्ही हिवाळ्यातले! ते काढून टाकले, तरी २००९च्या स्वाइन फ्लूची पहिली लाट, जी हिवाळ्यात आलीच नव्हती, हुकली. २०१२-१३च्या हंगामात तर अंदाज सीडीसीच्या जवळपास दुप्पट गेला.

डेव्हिड लेझर आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात याची चिरफाड केली. गूगल स्वतःच शोधयंत्रात सतत बदल करतं, सूचना पुढे करतं. त्यानं लोकांचे शोधही बदलतात. सीडीसीचे तीन आठवडे शिळे आकडे वापरले तरी फ्लू ट्रेंड्सपेक्षा बरा अंदाज येत होता, आणि दोन्ही एकत्र केले तर आणखी चांगला. २०१५मध्ये गूगलनं आपले अंदाज जाहीर करणं थांबवलं.