साखर ‘नॉर्मल’, तरी मेंदूवर परिणाम?

मधुमेह आणि स्मृतिभ्रंश यांचं नातं डॉक्टरांना ठाऊक आहे. पण ज्यांना मधुमेह नाही, त्यांचं काय? ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा परिसरात ६० ते ६४ वयाच्या २४९ जणांचे मेंदूचे एमआरआय चार वर्षांच्या अंतराने दोनदा काढण्यात आले. सगळ्यांची उपाशीपोटीची साखर ११०च्या आत, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी ठीक. तरीही ज्यांची साखर या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे होती, त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, जास्त आक्रसलेला आढळला. वय, वजन, रक्तदाब, दारू, धूम्रपान यांचा हिशेब धरूनही हा संबंध पुसला गेला नाही. २०१२ सालचं हे संशोधन मला महत्त्वाचं वाटतं, कारण ‘नॉर्मल’ या शब्दावर आपण फार विसंबतो.

मात्र एका सकाळचा आकडा त्या सकाळपुरताच. एचबीए१सी ही रक्तचाचणी जास्त सांगते. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. (अंगात लोह कमी असेल तर हा आकडा फसवा वाढतो, हे आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत विसरू नये.)

मग साखर झपाट्याने उतरवली तर मेंदू वाचेल? अमेरिका आणि कॅनडातल्या ‘अकॉर्ड’ चाचणीत मधुमेहींची एचबीए१सी सहाच्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला. ४० महिन्यांनंतर त्यांच्या मेंदूचं आकारमान इतरांपेक्षा थोडं जास्त राहिलं, पण स्मरण आणि विचार यांत फरक पडला नाही. उलट या गटात मृत्यू वाढले, म्हणून २००८मध्ये ते कडक उपचार थांबवावे लागले. आकसणं आणि विसरणं एकमेकांत गुंतलेलं असलं, तरी एकच नव्हे.

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत, उंबरठ्यावर आणखी १३.६ कोटी, गोव्यात प्रमाण सर्वाधिक, २६.४ टक्के. म्हणून चाळिशीतच तपासणी करा, चाला, वजन सांभाळा. पण सत्तरीतल्या आईवडिलांची साखर तरुणांच्या आकड्यावर आणण्याचा हट्ट धरू नका. साखर एकदम उतरणं त्यांच्या मेंदूला घातक ठरू शकतं. त्यांचा आकडा त्यांच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.