शंभर गॅलन म्हणजे एक टन : तळघरातल्या टाकीचा कार्बन-हिशेब

अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळाभर एक दृश्य नेहमी दिसते. तेलाचा टँकर घरासमोर थांबतो, चालक लांब नळी ओढत नेऊन भिंतीतल्या तोंडाला जोडतो, टाकी भरतो आणि दाराला पावती अडकवून पुढच्या घरी जातो. किती गॅलन तेल भरले, ते पावतीवर छापलेले असते. त्या घराच्या धुराड्यातून किती कार्बन डायऑक्साइड जाणार, हे सांगायला तेवढा एक आकडा पुरतो.

हे तेल कोणते?

घर उबदार ठेवण्यासाठी जाळले जाणारे हे ‘हीटिंग ऑइल’ म्हणजे डिझेलचेच भावंड. त्यावर वाहनांच्या इंधनाचा कर नसतो, म्हणून वेगळे ओळखू यावे यासाठी त्यात लाल रंग मिसळतात. तळघरात साधारण २७५ गॅलनची, म्हणजे हजार लिटरहून थोडी मोठी टाकी असते. शेजारचा बॉयलर या तेलावर पाणी तापवतो आणि ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरते.

अमेरिकेत सुमारे ५० लाख घरे या तेलावर ऊब मिळवतात आणि त्यांतली बहुतेक ईशान्येत आहेत. मेन राज्यात तर निम्म्याहून अधिक घरांची मदार त्यावर आहे, कारण गॅसच्या वाहिन्या तिथल्या विरळ वस्तीत फारशा पोचल्याच नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये जुने घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबालाही अशी टाकी घरासोबत मिळू शकते.

तीन किलोचे दहा किलो कसे होतात?

एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर तेलाचे वजन सुमारे ३.२ किलो. ते जाळल्यावर मात्र १०.२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे जास्तीचे वजन हवेतून येते. ३.२ किलो तेलात जवळपास २.८ किलो निव्वळ कार्बन असतो. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो. कार्बनचा अणुभार १२, तर कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचा ४४. म्हणजे वजन पावणेचारपटीच्या जवळ जाते.

एका हिवाळ्याचा हिशेब

समजा, एका घराने हिवाळ्यात ६०० गॅलन तेल जाळले. ६०० गुणिले १०.२ म्हणजे सुमारे ६.१ टन कार्बन डायऑक्साइड. आपल्याकडच्या १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमधून साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेव्हा त्या घराचा एक हिवाळा जवळपास १४५ सिलिंडरांच्या बरोबरीचा झाला. महिन्याला एक सिलिंडर लागणाऱ्या घरात तेवढ्यावर बारा वर्षे स्वयंपाक होईल. शिवाय तेल उपसणे, शुद्ध करणे आणि वाहून आणणे यांतले उत्सर्जन यात धरलेलेच नाही.

नैसर्गिक वायूपेक्षा जास्त का?

तेवढ्याच उष्णतेसाठी तेल नैसर्गिक वायूच्या सुमारे १.४ पट कार्बन डायऑक्साइड सोडते. मिथेनमध्ये एका कार्बनमागे हायड्रोजनचे चार अणू असतात, तेलात साधारण दोन. हायड्रोजन जळून पाणी होते, त्यामुळे वायूच्या उष्णतेतला मोठा वाटा कार्बनविना मिळतो. मात्र वाहिन्यांतून गळणारा मिथेन स्वतःच तीव्र तापमानवाढ करतो, म्हणून वायू निर्दोष ठरत नाही.

आधी फटी, मग यंत्र

पहिला उपाय घराच्या भिंतींत आणि पोटमाळ्यात आहे. तपासनीस दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचतात. मग गार वारा कुठल्या फटींतून आत शिरतो, ते कळते. त्या फटी बुजवल्या आणि पोटमाळ्यावर उष्णतारोधक थर घातला, की तीच ऊब कमी तेलात मिळते. शंभर गॅलन वाचले, की एक टन कार्बन डायऑक्साइड वाचला.

दुसरा उपाय हीट पंपाचा. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या थंड हवेतली उष्णता गोळा करून आत आणतो. म्हणून एक युनिट विजेत तो अडीच-तीन युनिट उष्णता देऊ शकतो. चांगला बॉयलर एका गॅलनमधून जेवढी ऊब देतो, तेवढीसाठी पंपाला सुमारे १४ युनिट वीज लागते. युनिटमागे ३०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तरी हे ४.२ किलो होतात, तेलाच्या निम्म्याहून कमी. कडाक्याच्या थंडीत पंपाची क्षमता घटते आणि त्या भागात वीजही महाग आहे. म्हणून कित्येक घरे जुना बॉयलर जोडीला ठेवतात.

बदल घडतो आहे

मेन राज्याने २०१९ मध्ये ठरवले, की २०२५ पर्यंत एक लाख हीट पंप बसवायचे. ते उद्दिष्ट २०२३ मध्येच पूर्ण झाले. नॉर्वेने तर २०२० पासून इमारती तापवण्यासाठी खनिज तेल जाळण्यावर बंदी घातली. हे दोन्ही प्रदेश कडक थंडीचे आहेत, त्यामुळे ‘आमच्या हवेत हे जमणार नाही’ ही शंका आता मागे पडायला हवी.

ज्यांच्या तळघरात टाकी आहे त्यांनी वर्षभराच्या पावत्या एकत्र करून गॅलनांची बेरीज मांडावी, तिला शंभराने भागावे आणि आलेले टन वहीत टिपून ठेवावेत. फटी बुजवल्यानंतरच्या हिवाळ्यात तोच हिशेब पुन्हा केला, की किती टन कमी झाले, ते आपल्याच अक्षरात समोर दिसेल.