गर्भारपणाच्या आरंभीं येणारी घेरी

बीं-बियाणें, खत व कीड यांची चर्चा करणाऱ्या मासिकांत गर्भारपणाचा विषय कशाला, असें कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु वऱ्हाडांत पऱ्हाटीचें निंदण व वेचणी हीं कामें मुख्यतः स्त्रियांच्याच हातून होतात. त्यांत आपल्या घरच्या लेकीसुना असतात आणि रोजानें येणाऱ्या बायाही असतात. दिवस गेलेली स्त्री वावरांत भोवळ येऊन पडली, तर तिला सावलींत निजवावयाचें कीं तांतडीनें रुग्णालयांत न्यावयाचें, हा निर्णय बहुधा वावराच्या धन्यालाच करावा लागतो. तो अजाणतेपणीं होऊं नये, एवढ्याकरितां हा लेख.

गर्भ राहिला कीं शरीरांत प्रोजेस्टेरॉन नांवाचा अंतःस्राव वाढतो. त्याच्या योगानें रक्तवाहिन्या सैल पडतात व रक्ताचा दाब पहिल्या तीन महिन्यांतच उतरूं लागतो. पुढें शरीर रक्ताचें प्रमाण हळूहळू वाढवून घेतें. शेवटच्या महिन्यांत तें पूर्वीच्या जवळजवळ दीडपट होतें. आरंभीं मात्र वाहिन्या रुंदावलेल्या व रक्त फारसें वाढलेलें नाहीं, अशी स्थिति असते. पाट रुंद केला आणि विहिरीचें पाणी तेवढेंच राहिलें, तर शेवटच्या वाफ्यापर्यंत तें पोंचत नाहीं, तसेंच येथें डोक्याचें होतें. उकिडवें बसून निंदतां निंदतां बाई एकदम उभी राहिली कीं रक्त पायांकडे उतरतें व डोळ्यांपुढें अंधारी येते. त्यांत कोरड्या ओकाऱ्या, रिकामें पोट आणि ऊन यांची भर पडते. आणि मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, हें आपणांस सांगावयास नको. बसल्या-निजल्यावर थांबणारी अशी क्षणिक घेरी बहुधा रोग नव्हे. तिला ‘बाहेरची बाधा’ समजून उतारे काढणें हें तर निव्वळ अज्ञान होय.

घेरी येतांच स्त्रीनें जेथें असेल तेथेंच खालीं बसावें व डोकें गुडघ्यांकडे वांकवावें. डोक्यावर गाठोडें असल्यास तें टाकून द्यावें. जवळच्यांनीं तिला सावलींत डाव्या कुशीवर निजवावें. शुद्ध हरपली असतां तोंडांत पाणी ओतूं नये. कांदा किंवा चप्पल हुंगविण्यांत वेळ दवडूं नये. मिनिटभरांत शुद्ध न आल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सकाळीं अंथरुणावरून ताडकन् न उठतां आधीं कुशीवर वळावें, क्षणभर बसावें, मग उभें राहावें. उशाशीं मूठभर फुटाणे किंवा ज्वारीच्या लाह्या ठेवून उठण्यापूर्वींच खाव्या. दोन वेळां भरपेट जेवण्यापेक्षां थोडें थोडें पांचसहा वेळां खाणें हितकर. सर्वांचीं पानें उठल्यावर उरलेसुरलें सुनेनें खावें, ही रीत या दिवसांत तरी मोडलीच पाहिजे. निर्जळी उपवासही या दिवसांत करूं देऊं नयेत.

पाण्याची गोष्ट आपल्याकडे विशेष बिकट आहे. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत, दर्यापूर, भातकुली, आकोट, तेल्हारा या बाजूस, विहिरींचें पाणी खारट. तें घशाखालीं उतरत नाहीं म्हणून माणसें कमी पितात. बायांच्या बाबतींत दुसरेंही एक कारण आहे. वावरांत आडोसा नसतो, म्हणून त्या सकाळपासून पाणी पिणेंच टाळतात. हें कोणी बोलत नाहीं, पण कोरड्या पडलेल्या शरीरांत रक्ताचा दाब अधिकच उतरतो. धन्यानें गोड पाण्याची कळशी व तुराट्यांचा आडोसा यांची तजवीज केली, तर तिच्या खर्चापेक्षां उपयोग कितीतरी मोठा होईल. ओकाऱ्या फार होत असतील तर एक लिटर गोड पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तें घोट घोट द्यावें. खाऱ्या पाण्यांत आणखी मीठ घालूं नये.

वेचणीची मजुरी बहुधा किलोवर ठरते. त्यामुळें जिला घेरी येते ती बाईसुद्धां बसत नाहीं. बसली कीं पैसा बुडाला. पहिल्या तीन महिन्यांत पोट दिसत नाहीं, ती स्वतः सांगत नाहीं, आणि मुकादमाला तिची दिरंगाई तेवढी दिसते. घरांतील वडील स्त्रीमार्फत चौकशी करून अशा बाईला रोजंदारीवर बैठें, सावलींतलें काम द्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वारंवार घेरी, धाप, छातींत धडधड व डोळ्यांच्या पापण्या आंतून फिकट, हीं लक्षणें पांडुरोगाचीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील गर्भवतींपैकीं शेंकडा ५२ स्त्रियांत रक्त कमी आढळलें. या विकाराच्या इतिहासांत मुंबईचें नांव आहे. १९२८ मध्यें लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर तेथें आल्या आणि गिरणकामगार स्त्रियांस गर्भारपणीं होणाऱ्या तीव्र पांडुरोगाचा त्यांनीं अभ्यास केला. यीस्टच्या अर्कानें त्या स्त्रिया बऱ्या होतात, असें त्यांनीं १९३१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक आम्ल. १९४१ मध्यें तें पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें. गर्भ राहण्यापूर्वींपासून पहिले तीन महिने त्याची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी, व चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी १८० दिवस घ्यावयाची असते. लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊं नये; तिचा गुण त्यानें कमी होतो. विदर्भांत सिकलसेलचा वंशागत विकारही आढळतो, म्हणून रक्ताची तपासणी आरंभींच करावी.

आतां ज्या घेरीला सावली व पाणी पुरत नाहीं, तिच्याविषयीं. पाळी चुकून दोनचार आठवडे झाले आहेत, ओटीपोटांत एका बाजूस कळ येते, थोडा रक्तस्राव आहे किंवा खांद्याच्या टोकाशीं दुखतें, आणि बाई घामाघूम होऊन भोवळते, तर गर्भ गर्भाशयांत न राहतां नळींत राहिला असावा असें समजावें. नळी फुटली कीं रक्त पोटांतल्या पोटांत वाहतें. बाहेर थेंबभरच दिसतें आणि कांहीं तासांत जीव जातो. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीसही हें क्वचित् होतें. “तिचें तर ऑपरेशन झालें आहे” म्हणून स्वस्थ बसणें येथें घातक ठरतें.

दुसरी गोष्ट फवारणीची. २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हें कोणी विसरलेलें नाहीं. फवारलेल्या पऱ्हाटींत काम करणाऱ्या बाईला घेरीबरोबर तोंडाला लाळ, डोळ्यांना धूसरपणा, बाहुल्या बारीक, पोटांत मुरडा अशीं लक्षणें दिसलीं, तर तीं गर्भारपणाचीं नव्हेत. तिचे कपडे बदलून, अंग साबणानें धुऊन, औषधाचा डबा बरोबर घेऊन तिला दवाखान्यांत न्यावें. दिवस गेलेल्या स्त्रीस ताज्या फवारलेल्या वावरांत पाठवूंच नये.

अमरावतीस जिल्हा स्त्री रुग्णालय आहे, जुनी मंडळी त्याला अजून डफरीनच म्हणतात. अकोल्यासही जिल्हा स्त्री रुग्णालय आहे. पोटांतील कळ व भोवळ एकत्र दिसतांच रात्र असली तरी सकाळची वाट न पाहतां तेथें निघावें, कारण शस्त्रक्रिया व रक्त देण्याची सोय लहान दवाखान्यांत नसते. किरकोळ घेरीकरितां गांवची आशा सेविका व आरोग्य उपकेंद्र पुरेसें आहे. शिवाय २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. त्या दिवशीं निंदण असो वा वेचणी, तिला सुटी द्यावी, आणि जाण्यायेण्यास गाडी धन्यानेंच द्यावी.